संगणक कुणाचा? काही प्रचलित मतांची तपासणी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील गावांतून, वसतिगृहांतून आणि शिक्षकांच्या बैठकांतून संगणकाविषयी जे बोलले जाते ते मी गेली काही वर्षे ऐकत आलो आहे. ही मते पुस्तकांतून आलेली नाहीत. चहाच्या टपरीवर, एस. टी.त, महाविद्यालयाच्या कार्यालयापुढील रांगेत ती घडली आहेत. म्हणूनच ती गंभीरपणे घेतली पाहिजेत. त्यांतील चार मते पुन्हा पुन्हा कानी पडतात. पहिले, संगणकाला जात नसते. दुसरे, जे सॉफ्टवेअर फुकट मिळते ते हलक्या प्रतीचे असते. तिसरे, आपल्या पोरांना पोट भरायचे आहे, तेव्हा बाजारात जे चालते तेवढेच त्यांना शिकवा. आणि चौथे, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आहे, मग भेद उरला कुठे?

यांतील एकही मत मूर्खपणाचे नाही. प्रत्येकामागे कुणाचा तरी अनुभव उभा आहे. परंतु प्रत्येक मत अर्ध्या वाटेवर थांबते. उरलेली वाट चालून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मूळ संहिता आणि अंगठा

महात्मा फुल्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ साली पूर्ण झालेल्या ग्रंथात, अविद्येमुळे शेतकरी हा कागद लिहिणाऱ्यांच्या हाती कसा सापडतो, याची मांडणी त्यांनी केली आहे. कागदावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याचा खाली फक्त अंगठा उठतो. मजकूर दुसऱ्याचा, अंगठा याचा, आणि परिणाम मात्र याच्या तीन पिढ्यांनी भोगायचे.

संगणकाच्या बाबतीत हीच गोष्ट नव्या रूपात घडते. संगणक स्वतः होऊन काही ठरवीत नाही. माणसाने लिहून ठेवलेल्या आज्ञा तो क्रमाने पाळतो. या आज्ञा माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहिलेल्या असतात. त्या लेखनाला मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. पुढे तिचे यंत्राला कळेल अशा आकड्यांत रूपांतर केले जाते. बाजारात आपण विकत घेतो ते बहुधा हे आकडे. मूळ संहिता कंपनीच्या तिजोरीत राहते. आपल्यासमोर पडद्यावर एक लांबलचक करारनामा येतो, आपण तो न वाचता 'मान्य आहे' यावर बोट ठेवतो. शिकलेल्यांचा हा अंगठाच होय.

या व्यवस्थेला नकार देणारी एक चळवळ आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास छपाईचे एक नवे यंत्र आले. त्यात कागद अडकला की तशी सूचना सर्वांना मिळावी, अशी दुरुस्ती तेथील रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. जुन्या यंत्रात त्यांनी ती केलीही होती. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र त्यांना नाकारण्यात आली. प्रसंग लहान होता, पण त्यातून निघालेला प्रश्न मोठा होता. आपण वापरतो ते यंत्र आपल्याला उघडून का पाहता येऊ नये? १९८३ साली त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली या सॉफ्टवेअरचा सार्वजनिक परवाना तयार झाला. या विचाराची चार कलमे आहेत. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरता आले पाहिजे. ते वाचून, समजून घेऊन बदलता आले पाहिजे. त्याच्या प्रती दुसऱ्याला देता आल्या पाहिजेत. आणि आपण केलेली सुधारणाही वाटता आली पाहिजे. परवान्यात एक अटही घातलेली आहे. ज्याने हे घेतले आणि बदलून पुढे दिले, त्याने ते पुढच्यालाही याच हक्कांसह दिले पाहिजे. सार्वजनिक विहिरीतून पाणी घ्यावे आणि मग तिला कुलूप लावावे, हे चालणार नाही. १९९१ साली फिनलंडमधील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' लिहिले आणि पुढे ते याच परवान्याखाली आणले. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ पासून रूढ झाले. आपण त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणू.

'संगणकाला जात नसते'

हे मत तपासायला लांब जाण्याची गरज नाही. वारणा नदी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या, या दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी १९९८ साली संगणकाचा एक प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेची सहकारी संस्था यांनी मिळून तो उभारला. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सरकारी दाखले, सर्व काही गावात मिळेल असे तेव्हा सांगितले गेले. देशभर त्याचे कौतुक झाले.

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी या केंद्रांची पाहणी केली. केंद्रांचा उपयोग मुख्यतः कारखान्याच्या कामासाठी होत होता, म्हणजे ऊसतोडीची परवानगी, खताची नोंद, टनेज आणि बिले. तेव्हा त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि त्यावरचे संदेश वापरून पाहिले. आठ महिन्यांत तेच सारे काम कमी खर्चात झाले आणि शेतकऱ्यांनाही ते अधिक सोयीचे वाटले. तंत्रज्ञ यातून एक धडा घेतील, तो असा की महागडे यंत्र नेहमीच लागते असे नाही. आपण दुसरा धडा घेतला पाहिजे. या व्यवस्थेची रचना सभासद ऊस-उत्पादकासाठी होती. ज्याच्या नावावर ऊस नाही, जमीन नाही, भाग नाही, त्या भूमिहीन मजुराला त्या खिडकीपाशी जाण्याचे कारणच काय होते? यंत्राने त्याला हाकलले नाही. त्याच्यासाठी यंत्रात रकानाच नव्हता.

संगणकाला जात नसते हे खरेच. परंतु संगणकात कोणते रकाने असावेत हे जो समाज ठरवितो, त्याला जात आहे आणि जमीनही आहे.

या संदर्भात आटपाडीच्या शंकरराव खरातांची आठवण होते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथेचे नावच 'तराळ-अंतराळ'. तराळाने काय करायचे? गावचा सांगावा न्यायचा, मयताची खबर पोहोचवायची, सरकारी दप्तर तालुक्याला वाहायचे. निरोप वाहणारा तो, लिहिणारा आणि वाचणारा दुसरा. माहितीचे ओझे डोक्यावर होते, तिच्यावरचा अधिकार मात्र नव्हता. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. पण आज तालुक्याच्या ठिकाणी कंत्राटावर बसून इतरांच्या सात-बाराची, कर्जाची, अनुदानाची माहिती दिवसभर यंत्रात भरणारा आपला पदवीधर मुलगा पाहिला की प्रश्न पडतो, हा तराळकीतून बाहेर पडला, की तराळकीलाच आता खुर्ची मिळाली?

'फुकटचे ते हलके'

वस्तुस्थितीच्या पातळीवर या मताचे उत्तर सोपे आहे. जगातील सर्वांत शक्तिमान अशा पाचशे महासंगणकांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. म्हणजे जे 'फुकटचे' म्हणून आपण नाकारतो, ते आपण रोज हातात घेऊन फिरतो.

परंतु या मतामागची मानसिकता अधिक खोल आहे. 'फुकटचे', 'सवलतीचे', 'सरकारी जावई' ही भाषा कुणाला उद्देशून वापरली जाते हे आपल्याला सांगावे लागत नाही. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलाच्या गुणवत्तेवर जे वाक्य फेकले जाते, तेच वाक्य आपला कार्यकर्ता मुक्त सॉफ्टवेअरवर फेकतो, तेव्हा नकळत तो आपल्याच विरोधकाच्या तराजूने वस्तू तोलत असतो. ज्याची किंमत मोजली तेच मौल्यवान, हा सावकाराचा विचार आहे.

विनामूल्य आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत सुरू झालेला मराठी विश्वकोश आज कुणालाही संगणकावर विनामूल्य वाचता येतो. ही मोठीच सोय आहे. परंतु त्यातील नोंद अपुरी वाटली तर दुरुस्ती मंडळाने करायची, वाचकाने नव्हे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात वाचक स्वतः नोंद लिहू शकतो, बदलू शकतो आणि तो मजकूर पुढे वापरूही शकतो. पहिली गोष्ट विनामूल्य, दुसरी मुक्त. मात्र दुसरीत एक अडचण लपलेली आहे. लिहिण्यासाठी रिकामा वेळ, यंत्र आणि 'माझे म्हणणे नोंद करण्याजोगे आहे' हा आत्मविश्वास लागतो. या तीन गोष्टी समाजात सारख्या वाटलेल्या नाहीत. दार उघडे असूनही आत कोण बसले आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

'बाजारात चालते तेच शिकवा'

हे मत सर्वांत प्रामाणिक आहे. रोजगार हमीवर गेलेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाला मुक्तीचे तत्त्वज्ञान सांगण्यापूर्वी त्याच्या जेवणाचा विचार केला पाहिजे. सरकारी नोकरीसाठी एम. एस.-सी. आय. टी.चे प्रमाणपत्र लागते, ते त्याने जरूर घ्यावे. प्रचलित कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरायलाही त्याने शिकावे.

पण तेथेच थांबावे काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातींची मुले एकत्र ठेवली आणि त्यांना स्वावलंबनाने शिकविले. हाताने काम करणारा डोक्यानेही काम करील, ही त्यामागची श्रद्धा होती. आज संगणकाच्या शिक्षणात मात्र आपण नवी वर्णव्यवस्था स्वीकारतो आहोत. सॉफ्टवेअर घडविणारे एक, कळा दाबणारे दुसरे. बंद सॉफ्टवेअर शिकणारा मुलगा कितीही हुशार असला तरी तो कळ दाबणाराच राहतो, कारण आत पाहण्याची त्याला बंदी आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जत किंवा माणमधील मुलगीही जगातील उत्तम कारागिरांचे काम ओळीनेओळ वाचू शकते, मोडू शकते, पुन्हा जोडू शकते. कारागिरी नेहमी अशीच शिकली जाते.

केरळने हे करून दाखविले आहे. २००१ साली तेथे शाळांसाठी संगणक-शिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली आणि पुढे सरकारी शाळांतील शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले. त्यामागे शिक्षक संघटना होत्या आणि कार्यकर्तेही होते. आपल्याकडे निदान वसतिगृहांच्या माळ्यावर धूळ खात पडलेले जुने संगणक तरी खाली काढता येतील. कंपन्यांचे नवे सॉफ्टवेअर त्यांवर चालत नाही, पण हलके असे लिनक्स पुष्कळदा चालते, आणि त्यासाठी परवान्याचे पैसे पडत नाहीत.

हरवलेली अक्षरे

येथे स्वतःचा एक अनुभव सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी एका जयंतीनिमित्त विशेषांक काढला होता. गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या आठवणी, जलशांची गाणी, एका वृद्ध बाईंचे आत्मकथन असा ऐवज होता. एका छापखान्यात तो संगणकावर जुळविला गेला. छापील प्रती वाटून संपल्या. पुढे पुनर्मुद्रण करावे म्हणून जपून ठेवलेली तबकडी दुसऱ्या यंत्रावर उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग उभी राहिली. त्या बाई तोवर वारल्या होत्या.

असे का घडते? त्या काळातील बहुतेक मराठी टंक प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने बनविलेले होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. कोणता तुकडा कोठे, हे ज्या त्या कंपनीलाच ठाऊक. तो टंक आणि ते सॉफ्टवेअर असेल तरच मजकूर मराठी, नाहीतर कचरा. म्हणजे आपण लिहिलेल्या मजकुराची किल्ली दुसऱ्याकडे होती. ज्या समाजाला लिहिण्यासाठीच शतके झगडावे लागले, त्याचे लिहिलेले असे नाहीसे व्हावे, ही केवळ तांत्रिक अडचण नव्हे.

यावर उपाय आहे. युनिकोड या जागतिक संकेतात मराठीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेली, सर्वांना ठाऊक असलेली जागा आहे. २००४ साली 'लोहित' हे भारतीय भाषांचे टंक मुक्त परवान्याखाली आले. छापील पान वाचून त्याचा मजकूर करून देणारे 'टेसरॅक्ट' हे सॉफ्टवेअर २००५ साली मुक्त झाले आणि आज ते मराठीही वाचते. चुका करते, पण माणसाने तपासून दुरुस्त करता येतात.

आता आपल्यापुढील कामाकडे पाहा. कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरील स्वामित्वहक्क संपतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून असे सर्वांचे झाले. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचे निधन १९६९ सालचे, म्हणजे त्यांच्या हयातीत छापले गेलेले साहित्य १ जानेवारी २०३० रोजी मुक्त होईल. त्या दिवशी ते नीट तपासलेल्या, कोणत्याही यंत्रावर उघडणाऱ्या मराठीत कोण देणार? आपण नाही केले तर कुणीतरी व्यापारी करील आणि आपल्यालाच विकील.

'मोबाइल आला, भेद संपला'

शिष्यवृत्तीचा अर्ज आता जाळ्यावरच भरावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याच्या जातीच्या दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने लिहिलेले होते आणि आधारपत्रावर दुसऱ्या. यंत्राने अर्ज परत केला. कारण कळेना. महाविद्यालयातील कारकून म्हणाला, 'सिस्टिम घेत नाही.' वरच्या कार्यालयातही तेच उत्तर मिळाले. पूर्वी नाकारणारा माणूस समोर असे. त्याच्याशी भांडता येई, मोर्चा नेता येई. 'सिस्टिम'वर मोर्चा कसा न्यायचा? रास्त भावाच्या दुकानात तर अंगठाच पुन्हा आला आहे. आयुष्यभर खुरपे आणि दगड हाताळून झिजलेला म्हातारीचा अंगठा यंत्र ओळखत नाही, आणि कष्टाची खूण हाच तिचा गुन्हा ठरतो.

हातात मोबाइल असणे आणि मोबाइलच्या पलीकडे चालणारे नियम ठाऊक असणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. कोण पात्र, कोण अपात्र हे सॉफ्टवेअर ठरवीत असेल तर ते सॉफ्टवेअर हाच नियम झाला. नियम राजपत्रात छापला जातो, मग त्याला राबविणारी मूळ संहिता का नाही? केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरचा स्वीकार करण्याचे धोरण जाहीर केले आणि सरकारी सॉफ्टवेअरची संहिता खुली करण्याचेही वेगळे धोरण त्याच वर्षी आणले. करोनाच्या काळात मे २०२० मध्ये 'आरोग्य सेतू'च्या मोबाइलवरील भागाची संहिता लोकांपुढे ठेवण्यात आली. म्हणजे हे अशक्य नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदाही हाती आहे. व्यापारी गुपित म्हणून माहिती नाकारली जाऊ शकते, परंतु व्यापक जनहित दाखवून दिल्यास ती सबब टिकत नाही. आपल्या संघटनांनी हा प्रश्न अजून पुरेशा जोराने विचारलेला नाही.

नळ, ठराव आणि तळे

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. शाळेत नळ होता. तहान लागली तरी त्या मुलाला नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः नोंदविले आहे. बंद सॉफ्टवेअरवर आपण उभारत असलेले सारे शिक्षण आणि सारा व्यवहार या प्रकारचा आहे. पाणी मिळते, पण दुसऱ्याने नळ सोडला तर.

मुक्त सॉफ्टवेअर हा नळाला हात लावण्याचा कायदेशीर हक्क आहे. पण हक्काच्या कागदाने काय होते आणि काय होत नाही, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्यावर अस्पृश्याची ओंजळ भरली नाही. ठराव होता म्हणून सत्याग्रहाला कायद्याचा आधार मिळाला, आणि सत्याग्रह झाला म्हणून ठरावाला अर्थ आला. तरी न्यायालयाचा अंतिम निर्णय यायला १९३७ साल उजाडले.

मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना हा आपल्या काळातील बोले ठराव आहे, असे मला वाटते. तो लिहिणाऱ्यांनी जातीचा विचार केला नव्हता. त्या जगातही वेळ, इंग्रजी आणि ओळखीपाळखी असणाऱ्यांचेच वजन आहे, आणि 'येथे फक्त गुणवत्ता पाहतात' हे आपल्या परिचयाचे वाक्य तेथेही ऐकू येते. म्हणून त्या परवान्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही, आणि त्याकडे पाठ फिरविण्याचेही नाही. ठराव झाला आहे, आता तळ्यावर जायचे आहे.

प्रत्येक वसतिगृहात एका तरी जुन्या यंत्रावर मुक्त सॉफ्टवेअर चालू करावे आणि दोन मुलांनी, दोन मुलींनी ते आतून शिकावे. प्रत्येक तालुक्यात शिक्षकांनी आपल्याकडील एक जुना अंक, एक हस्तलिखित, एका जलशाची वही युनिकोडमध्ये उतरवावी. आणि ज्या कार्यालयात 'सिस्टिम घेत नाही' असे उत्तर मिळेल, तेथे कार्यकर्त्याने लेखी विचारावे, ही सिस्टिम कुणी लिहिली, तिच्यातील नियम कोणता, आणि तो आम्हाला वाचायला का मिळत नाही? नळ सोडणाऱ्या शिपायाची वाट पाहण्याचे दिवस आपल्या मुलांच्या वाट्याला पुन्हा येऊ नयेत, यासाठी एवढे तरी आपण केले पाहिजे.